सर, आवाज येत नाहीये!

"आवाज येतोय का सगळ्यांना?"

गेल्या पाच-सहा वर्षांत हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणार नाही. तास सुरू होताना सर विचारतात, आठ-दहा जण "यस सर" म्हणतात आणि सर पहिली स्लाईड लावतात. पण मित्रांनो, यात एक गंमत आहे. ज्याला आवाज येत नाहीये, त्याला हा प्रश्नही ऐकू येत नाहीये! मग "नाही" म्हणणार कोण? उत्तर नेहमी "येतोय" असंच येणार. आणि ज्याची रेंज गेली तो हजेरीतून, चर्चेतून आणि हळूहळू विषयातूनही गुपचूप बाहेर पडणार. दारातून उठून जाणारा मुलगा दिसतो तरी. हा दिसतही नाही.

तुम्ही म्हणाल, लॉकडाऊन संपला, खडू-फळा परत आला, आता हा विषय कशाला? कारण ऑनलाईन तास गेलेले नाहीत. शनिवारचं तज्ज्ञांचं लेक्चर मीटवर असतं. बीईचे लोक इंटर्नशिपला गेले की गाईडबरोबरची मीटिंग व्हिडिओवरच होते. अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की रात्री दहा वाजता ग्रुपवर लिंक येते. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरच्या एकूण कोर्सेसपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयम'वरून करता येतात. म्हणजे आपल्या डिग्रीचा एक तुकडा यापुढेही स्क्रीनवरच होणार आहे. तो नीट व्हावा असं वाटत असेल तर तो कुणाच्या सोयीने आखायचा, हे एकदा ठरवायला हवं. माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं कनेक्शन वर्गात सगळ्यात कमजोर, त्याला धरून तास आखायचा. कसा, ते पुढे सांगते.

वस्तीवरची रेंज

मी घोडेगावची. नेवासे तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं आमचं गाव. शिंगणापूरला शनिदर्शनाला गेला असाल तर आमच्याच फाट्यावरून वळला असाल. कांद्याच्या मार्केटमुळेही बऱ्याच जणांना नाव माहीत असतं. हायवेवर उभं राहिलं तर फुल रेंज. पण आमच्याकडे बरीच घरं गावठाणात नाहीत, शेतात आहेत. आमची वस्तीही तशीच, रस्त्यापासून आत. तिथे मोबाईलच्या कांड्या दोन, कधी एक, आणि ऊस डोक्याएवढा वाढला की तीही कधी कधी गायब.

२०२०-२१ मध्ये माझी अकरावी जवळजवळ अख्खी मोबाईलवर झाली. मोबाईल वडिलांचा. तास चालू असताना आडतीवरून फोन आला की तास बंद, कारण कांद्याचा भाव विचारायला आलेला फोन केमिस्ट्रीसाठी थांबत नाही. घरात शिकणारे आम्ही तिघं आणि मोबाईल एक. वस्तीवरची लाईट शेतीच्या फीडरवर, म्हणजे एका आठवड्यात थ्री फेज दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. मोबाईल चार्ज कधी करायचा याचंही टाईमटेबल होतं. ते कॉलेजच्या टाईमटेबलशी कधी जुळलं नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. याच परिस्थितीत काही सरांचे तास आम्हाला नीट मिळाले आणि काहींचे अजिबात नाही. रेंज तीच, मोबाईल तोच, कंपनीही तीच. फरक फक्त तास घेण्याच्या पद्धतीत होता! एक मॅडम आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर चार पानांची पीडीएफ टाकायच्या. तासाला स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोलायच्या, "पान दोन, आकृती तीन बघा." एका कांडीवर तो तास पूर्ण ऐकू यायचा. दुसरे एक सर खरोखर हौशी. कॅमेरा, मागे चित्र, मध्येच व्हिडिओ क्लिप. पुण्यात बसलेल्या मुलांना तो तास फार आवडायचा. आमच्याकडे मात्र सरांचा उघडा राहिलेला तोंडाचा फोटो आणि मधल्या वर्तुळाचं गरगर फिरणं, एवढंच यायचं.

थोडं गणित करू

आपण इंजिनिअरिंगचे लोक, तेव्हा नुसतं मत देऊन भागणार नाही. साधा हिशोब बघा.

नुसता आवाज पाठवायला सेकंदाला साधारण ४० किलोबिट पुरतात. तासाचे सेकंद ३६००. गुणाकार केला, ८ ने भागलं की होतात १८ एमबी. आता बऱ्यापैकी दिसणाऱ्या व्हिडिओसाठी सेकंदाला ६०० किलोबिट धरा. तासाचे होतात २७० एमबी, म्हणजे पंधरापट. दिवसाचे चार तास व्हिडिओवर घेतले तर १ जीबीच्या वर जातं. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये मग दुसऱ्या भावंडाचे तास बसत नाहीत. तेच चार तास आवाज आणि आधी पाठवलेली २-२ एमबीची पीडीएफ यांवर झाले तर सगळे मिळून ८० एमबी.

दुसरी गोष्ट, आवाज आणि चित्र यांची किंमत सारखी नाही. चित्र पाच सेकंद अडकलं तरी तास चालू राहतो. पण "या ठिकाणी करंट शून्य नसतो" या वाक्यातला "नसतो" गेला, तर तास अडकल्यापेक्षा वाईट झालं! म्हणून अडचण आली की आधी चित्र सोडायचं, आवाज शेवटपर्यंत धरायचा. बहुतेक लोक याच्या उलट करतात. आवाज तुटायला लागला की म्हणतात, "थांबा, मी बाहेर पडून परत येतो." त्याआधी एकदा कॅमेरा बंद करून बघायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट अपलोडची. मोबाईल नेटवर्कवर खाली येण्याचा वेग जास्त आणि वर पाठवण्याचा कमी असतो, कारण बहुतेक लोक बघतातच जास्त, पाठवतात कमी. त्यामुळे "सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर गैरहजेरी" हा नियम नेमका कमजोर कनेक्शनवाल्यांना मारतो. मुलगा जे सहज ऐकू शकला असता तेही त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या ओझ्याखाली बंद पडतं. शिवाय ज्या घरात एकच खोली, तिथे मागे आई स्वयंपाक करतेय, आजोबा खाटेवर झोपलेत. ते साठ जणांना दाखवायची सक्ती कशासाठी?

इथे मला प्राध्यापकांची बाजूही मांडायला हवी. साठ काळ्या चौकोनांशी तासभर बोलणं ही शिक्षाच आहे. समोरच्याच्या कपाळावरची आठी बघून सर पुन्हा समजावतात, ती आठी तिथे दिसत नाही. कॅमेऱ्याच्या हट्टामागे ही खरी अडचण आहे, नुसती शिस्त नाही. पण चेहऱ्याऐवजी दुसरी खूण मागता येते. दर दहा मिनिटांनी एक प्रश्न आणि चॅटमध्ये एका अक्षराचं उत्तर, अ, ब किंवा क. काही बाईट्सचं काम! ज्यांचं उत्तर आलं नाही ते एकतर झोपलेत किंवा तुटलेत. दोन्ही गोष्टी सरांना कळायला हव्यात.

शांतता म्हणजे होकार नव्हे

समोरासमोर बोलताना एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागसुद्धा पुरतो. फोनवरच्या संभाषणासाठी एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आयटीयूचं जी.११४ हे मानक सांगतं. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात पाय घालायला लागतात. आमच्या वस्तीवर हा उशीर सेकंदाच्या घरात जायचा. त्यात म्यूट काढायचं, घसा साफ करायचा, घरातल्यांना "गप्प बसा" अशी खूण करायची. म्हणजे चार-पाच सेकंद गेलेच. सर "कुणाला काही शंका?" विचारून दोन सेकंद थांबतात आणि "ओके, पुढे जाऊ" म्हणतात. इकडे आमचा म्यूट आत्ता कुठे निघालेला असतो!

उपाय फुकट आहे. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. आणि "कुणाला शंका?" असं हवेत विचारण्यापेक्षा "रोल नंबर २३, दुसरी पायरी कशी आली?" असं विचारायचं. नाव घेऊन विचारल्याशिवाय वर्गातही कोण उत्तर देतं?

आधीच्यांना जे कळलं होतं

व्हिडिओवरून शिकवणं २०२० मध्ये सुरू झालं असं आपल्या पिढीला वाटतं. तसं नाही. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सोडला, खास शिक्षणासाठीचा देशातला पहिला उपग्रह. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर, त्यामुळे आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, आणि प्रश्न करून उत्तर मिळेपर्यंत किमान अर्धा. तरीही तास चालत. कारण विद्यार्थी एकेकटे घरी बसत नसत, एका केंद्रावर एकत्र बसत.

पुढे आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांनी राष्ट्रीय शिक्षण अभियानातून इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. आधी एका वेळी हजार, मग दहा हजार शिक्षकांपर्यंत पोचायचं अशी ती कल्पना. व्याख्यान पवईतून थेट, त्यासाठी अमृता विद्यापीठाची ए-व्ह्यू ही प्रणाली. पण शिक्षक बसायचे आपल्या जवळच्या कॉलेजातल्या केंद्रावर, आणि तिथे त्यांच्याबरोबर एक समन्वयक असायचा. व्याख्यान दुरून, प्रॅक्टिकल जागेवर. आवाज गेला तर केंद्रातला माणूस बघणार, शंका असेल तर आधी शेजाऱ्याला विचारणार.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं. त्यांच्या शाळेतली मुलं व्हिडिओवरून परदेशातल्या वर्गांशी बोलत, तीही वर्गात एकत्र बसून, गुरुजी शेजारी असताना.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. स्क्रीनच्या या बाजूला माणसांचा घोळका आणि त्यात एक जबाबदार माणूस होता. लॉकडाऊनमध्ये नेमकं तेच करता येत नव्हतं. एकत्र बसणंच बंद होतं, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवर बसवण्याशिवाय इलाज नव्हता. त्या वेळी ज्यांनी रातोरात शिकवण्याची पद्धत बदलली त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. माझा आक्षेप आहे तो आताच्या सवयीला. साथ गेली, बंधनं गेली, तरी आपण नाईलाजाची ती पद्धत हीच खरी पद्धत म्हणून पुढे चालवतोय. लिंक टाकली की जबाबदारी संपली! याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

हॉस्टेलचा हिशोब

आता आपल्या हॉस्टेलकडे या. परवाचंच तज्ज्ञांचं लेक्चर घ्या. एकाच मजल्यावरची साठ मुलं आपापल्या कॉटवर पडून आपापल्या मोबाईलवर तेच लेक्चर बघत होती. साठ गुणिले ६०० किलोबिट म्हणजे ३६ मेगाबिट. आपल्या वायफायवर एवढा ताण एका वेळी आला की काय होतं, हे सांगायला नको. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. जवळजवळच्या राऊटरांनी एकच चॅनेल धरला की सगळ्यांचाच वेग मरतो. आणि वायफायमध्ये लांबच्या खोलीतलं कमजोर सिग्नलचं एक उपकरण हवेतला वेळ जास्त खातं, त्याचा भुर्दंड जवळच्यांनाही पडतो. मग ग्रुपवर सुरू... "वायफाय गेलं का?", "रेक्टर सरांना फोन करा", "माझ्याकडे पण बफर होतंय".

तेच लेक्चर टीव्ही हॉलमध्ये एका लॅपटॉपवर, केबलने जोडून, प्रोजेक्टर आणि स्पीकरवर लावलं असतं तर दोन मेगाबिटमध्ये उत्तम दिसलं असतं. साठ जणांना! शेजारी कुणीतरी असतं, कोपराने ढोसून "हे कसं आलं रे?" विचारता आलं असतं. आणि लेक्चर संपल्यावर मेसपर्यंत त्यावर वादही झाला असता. कॉटवर पडून ऐकलेल्या लेक्चरवर कधी वाद झालाय का?

यावर मित्रांचा आक्षेप ठरलेला, "मग वर्गातच बसल्यासारखं झालं की! ऑनलाईनची मजा काय?" अरे, मजा लांबचा माणूस आपल्यापर्यंत येण्यात आहे. कॉटवर पडण्याची मजा लेक्चरशिवायही घेता येते, आणि आपण ती घेतोच.

तर मग काय करायचं?

कॉलेजने लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घ्यावं असं मी म्हणत नाही. बिगब्लूबटन हे मुक्त सॉफ्टवेअर कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालं, खास ऑनलाईन वर्गासाठी. जित्सी तर २००३ मध्ये स्ट्रासबर्गमधल्या एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट होता! ते आपल्या सर्व्हरवर बसवणं हा बीईच्या प्रोजेक्टला शोभणारा विषय आहे, दरवर्षीच्या त्याच त्या 'लायब्ररी मॅनेजमेंट'पेक्षा नक्कीच. पण सॉफ्टवेअर कुठलंही असो, त्याआधी काही साध्या गोष्टी ठरवता येतील.

एक, तासाची पीडीएफ आदल्या रात्री ग्रुपवर, लहान आकाराची, पानांना आकडे घातलेली.

दोन, सरांनी हेडफोनचा माईक वापरावा. लॅपटॉपचा माईक पंखा जास्त ऐकवतो आणि सरांना कमी.

तीन, सलग साठ मिनिटं बोलू नये. पंधरा मिनिटं बोलणं, एक प्रश्न, पुन्हा पंधरा मिनिटं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल्स साधारण दहा-दहा मिनिटांचेच आहेत, मराठीतही आहेत. ज्याचा तुकडा हुकला त्याला तेवढाच परत ऐकता येतो.

चार, रेकॉर्डिंग ठेवायचं, आणि त्याची नुसती आवाजाची फाईलही टाकायची. १८ एमबीची फाईल वस्तीवरसुद्धा उतरते.

पाच, हजेरी लिंकवर टिकून राहिल्याच्या मिनिटांवर मोजू नये. मधले तीन प्रश्न किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंतचं एक गणित, यावर मोजावी. रेंज तुटणं हा गुन्हा नाही.

सहा, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक ऑनलाईन तासाला एक 'आवाज सीआर' नेमायचा. काम एकच. तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी यादी बघायची, जे दिसत नाहीत त्यांना साधा फोन लावायचा आणि विचारायचं, "आवाज येतोय का?" हा प्रश्न मीटिंगच्या आत विचारून उपयोग नाही, मीटिंगच्या बाहेर विचारायला हवा. दिवाळीत किंवा इंटर्नशिपच्या काळात एकाच भागातली चार-पाच मुलं गावाकडे असतील तर त्यांना एकत्र बसता येईल का, हेही त्यानेच बघावं. आमच्या गावातच मेन रोडला चांगली रेंज असलेली घरं आहेत. वस्तीवरच्या मुलीला तिथे तासभर बसायला कुणी नाही म्हणणार नाही. फक्त तिला बोलावलं पाहिजे.

यात खर्च कुठे आहे सांगा? प्रोजेक्टर आहे, टीव्ही हॉल आहे, केबल आहे, सीआर तर भरपूर आहेत! लागणार आहे ते थोडं लक्ष.

अकरावीला माझ्याबरोबर आमच्याच भागातली एक मैत्रीण होती. गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिच्या घरी मोबाईल भावाकडे असायचा, तिच्या वाट्याला रात्री येई. ऑनलाईन वर्षात तिचं नाव यादीत शेवटपर्यंत होतं, हजेरीत मात्र कमी कमी होत गेलं, आणि बारावीनंतर तिने शिक्षण सोडलं. त्याला इतरही कारणं असतील. पण त्या अख्ख्या वर्षात कॉलेजमधून तिच्या घरी एकदाही फोन गेला नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. एक फोन गेला असता तर सगळं बदललं असतं असा दावा मी करत नाही. पण घरच्यांना कळलं असतं की तिची वाट बघणारं कुणीतरी आहे.

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती आणि मित्र-मैत्रिणींना हक्काने सांगणं. पुढचं ऑनलाईन लेक्चर लागेल तेव्हा हॉस्टेलवाल्यांनी टीव्ही हॉलची चावी आधी मागून ठेवा. सीआरने यादी हातात घ्या. जे नाव दिसत नाही, त्याला फोन लावा.